बिनआवाजाची कडी : नवरा-बायकोच्या खासगी बोलण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप

आमच्या अमळनेरच्या घरात झोपण्याच्या खोलीच्या दाराला कडी आहे. पण ती जुनी, लोखंडी आणि गंजलेली असल्यामुळे लावली की पुढच्या खोलीत झोपलेल्या सासूबाईंपर्यंत तिचा आवाज जातो, आणि त्या आवाजाचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला कळतो. लग्नाला एकोणीस वर्षे झाली तरी ती कडी लावताना माझा हात अजून अवघडतो. त्यात माझे यजमान भुसावळला मालगाडीवर लोको पायलट आहेत आणि मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे रेस्टचा एखादा दिवस सोडला तर आमचा संसार फोनवरच चालतो. गॅस संपल्याचे, मुलाच्या फीचे आणि वांग्याच्या भावाचे बोलणे फोनवर होते, तसेच नवरा-बायकोने एकमेकांशी जे लाडिक आणि थोडे चावट बोलायचे असते, तेही फोनवरच होते. या दुसऱ्या कामासाठी व्हॉट्सअ‍ॅप कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

सर्वांत मोठा फायदा कंपनीच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही, म्हणून तो आधी सांगते. घरात मी यजमानांना ‘अहो’ म्हणते आणि ‘तुम्ही’ म्हणते. चारचौघांत दुसरे काही म्हणण्याचा प्रश्नच येत नाही, आणि एकांतातही जीभ तीच वळणे घेते. लिहिताना मात्र एके रात्री सहज ‘तू जेवलास का’ असे लिहून गेले. दोन मिनिटे उत्तर आले नाही, तेव्हा वाटले की माणूस रागावला. मग उत्तर आले, “परत लिही.” तेव्हापासून आमच्या चॅटमध्ये ‘तू’ राहतो आणि घरात ‘तुम्ही’ राहतात, आणि एकाच माणसाशी असे दोन नात्यांनी बोलण्यात जी गंमत आहे ती मला लग्नाच्या पहिल्या वर्षातही मिळाली नव्हती.

दुसरी गोष्ट टिकांची. गाडीवर असताना यजमानांचा मोबाईल बंद असतो. त्यामुळे मी दुपारी पाठवलेल्या मेसेजपुढे एकच करडी टिक दिसते आणि ती कधीकधी आठ-नऊ तास तशीच राहते. खंडव्याच्या किंवा बडनेऱ्याच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिगृहात, पोहोचून त्यांनी फोन सुरू केला की दुसरी टिक उमटते. इतर लोकांना निळी टिक महत्त्वाची वाटते, ज्यावरून २०१४ मध्ये ती आली तेव्हापासून अनेक घरांत भांडणे झाली आहेत. मला मात्र करडी दुसरी टिक पुरते, कारण गाडी सुखरूप लागली हे ती निळ्या टिकेच्या आधी सांगते. आतुरता म्हणून जे काही असते त्याचा निम्मा भाग या दोन टिकांच्या मधल्या वेळातच साठतो. लगेच उत्तर देणाऱ्या माणसाशी असे बोलणे रंगले असते की नाही, याची मला शंका आहे.

फोन सुरू झाल्यावर यजमानांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “होम सिग्नल काय आहे?” रेल्वेत स्टेशनात शिरण्यापूर्वी गाडीला होम सिग्नल मिळावा लागतो, तो मिळाला नाही तर गाडी बाहेरच उभी राहते. मी त्या प्रश्नावर शब्दांत उत्तर देत नाही, फक्त रंगीत गोलाची प्रतिक्रिया ठेवते. लाल म्हणजे सासूबाई शेजारी बसल्या आहेत. एक पिवळा म्हणजे मुलगा जागा आहे, जपून बोला. दोन पिवळे हवे असतात तेव्हा प्रतिक्रियेत एकच चिन्ह बसत असल्यामुळे वेगळा मेसेज करावा लागतो. हिरव्याचा अर्थ सांगायला नको. मेसेजवर प्रतिक्रिया ठेवण्याची ही सोय २०२२ मध्ये आली, आणि सुरुवातीच्या ठरावीक सहा चिन्हांऐवजी हवे ते चिन्ह वापरण्याची मुभा त्याच वर्षी मिळाली. बाकी लोक तिचा उपयोग वाढदिवसाच्या शुभेच्छांना हात जोडण्यासाठी करतात.

आता ज्या सोयीमुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले, त्या चॅट लॉककडे वळते. मे २०२३ मध्ये ही सोय आली. एखादे चॅट लॉक केले की ते नेहमीच्या यादीतून निघून वेगळ्या कप्प्यात जाते, आणि त्यात मेसेज आला तर वर येणाऱ्या सूचनेत ना पाठवणाऱ्याचे नाव दिसते ना मजकूर. ही सोय येण्यापूर्वीचा एक प्रसंग सांगते. सासूबाई माझ्या फोनवर मांड्यांचा व्हिडिओ पाहत होत्या, खापरावर मांडा पडत होता, आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या पट्टीत यजमानांचे एक वाक्य घसरत आले. सासूबाईंना चष्म्याशिवाय बारीक अक्षर लागत नाही आणि चष्मा देव्हाऱ्यापाशी होता, एवढीच माझी पुण्याई. “कोणाचं काय आलं वं?” असे त्यांनी विचारले आणि मी शाळेचे पत्रक आल्याचे सांगितले. त्या पत्रकातला मजकूर इथे देता येण्यासारखा नाही.

चॅट लॉकमध्ये मला सुरुवातीला एक कच्चा दुवा जाणवला, तो असा की फोनचे जे कुलूप तेच या कप्प्याचे कुलूप असते. आमच्या घरात माझ्या फोनचा पॅटर्न मुलाला माहीत आहे, नणंदेला माहीत आहे, आणि गेल्या वर्षी स्क्रीन बदलायला गेले तेव्हा गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानातल्या कारागिरानेही तो एका चिठ्ठीवर लिहून घेतला. असे कुलूप म्हणजे किल्ली उंबऱ्याखाली ठेवलेले घर होय. नोव्हेंबर २०२३ मध्ये मात्र स्वतंत्र गुप्त कोड ठेवण्याची व्यवस्था झाली, आणि आता लॉक केलेल्या चॅटचा कप्पाच पूर्णपणे लपवता येतो. शोधाच्या पट्टीत तो कोड लिहिला तरच तो समोर येतो. आमचा कोड एक अहिराणी शब्द आहे, जो लग्नानंतर पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले असताना यजमानांनी पोस्टकार्डावर लिहिला होता आणि जो माझ्या वडिलांनी मोठ्याने वाचून दाखवला होता. तोच शब्द आज आमच्या दाराची कडी झाला आहे, आणि ही कडी वाजत नाही.

एक व्यवहारातली अडचण नोंदवते. बोटाच्या ठशाने फोन उघडण्याची सोय कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाने भरलेल्या बोटाला जुमानत नाही. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात मी भाकरी थापत असते आणि नेमकी तीच यजमानांची रनिंग रूमवर पोहोचण्याची वेळ असते. पदराला बोट पुसून तीनदा प्रयत्न करावा, तोवर तव्यावरची भाकरी करपते. याला उपाय मला सापडलेला नाही, आणि भाकरीकडे पाहून सासूबाईंनी एकदा विचारलेही होते की हल्ली एका बाजूने काळ्या का होतात.

चॅट लॉकचा काही उपयोग होत नाही तो आपण स्वतःच चुकीच्या दारात उभे राहिलो तर. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे खानदेशात श्रावणात होणाऱ्या देवीच्या सणासाठी, आमच्या भावकीचा एक ग्रुप आहे, ज्यात सत्तावीस माणसे आहेत आणि एरवी सवाई दळण कोणाकडे आणि नारळ कोण आणणार एवढेच बोलणे असते. गेल्या श्रावणात मी यजमानांना लिहायचे ते त्या ग्रुपमध्ये लिहिले : “चंद्रकोर टिकली लावली आहे, पण बघायला कोणी नाही.” चूक लक्षात येताच मी तो मेसेज सर्वांसाठी काढून टाकला. ही सोय २०१७ मध्ये आली तेव्हा त्यासाठी फक्त सात मिनिटे मिळत असत. २०२२ पासून दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो, आणि मला तर एक मिनिटही लागले नव्हते. पण मेसेज गेला तरी त्याच्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशी पाटी उरते, आणि ती पाटी मूळ मेसेजपेक्षा जास्त लोक वाचतात. चार जणांनी काय होते म्हणून विचारले. थोरल्या जाऊबाईंनी विचारले नाही. त्यांनी फक्त लिहिले, “आम्ही बघतो ना.” आता प्रत्येक भेटीत त्या मला दारातच थांबवून कपाळाकडे निरखून पाहतात. यात व्हॉट्सअ‍ॅपचा दोष तिळभरही नाही. तरीही खासगी चॅटचा रंग किंवा पार्श्वभूमी ग्रुपपेक्षा पूर्ण वेगळी ठेवावी, असे मी प्रत्येक जोडप्याला सुचवीन. आमच्या चॅटच्या मागे आता केळीच्या बागेचे चित्र आहे, आणि ते दिसल्याशिवाय माझे बोट अक्षरावर जात नाही.

लिहिण्यापेक्षा बोलणे सरस ठरते, असे मला आवाजी मेसेजच्या बाबतीत वाटते. लिहिताना यजमान प्रमाण मराठीत लिहितात आणि कार्यालयीन अर्जासारखे लिहितात. बोलताना ते अहिराणीत येतात. “काय करी र्‍हायनी वं?” हे चार शब्द लिहून पाहिले तर फोनचा कीबोर्ड त्यांतले प्रत्येक अक्षर सुधारायला धावतो, पण आवाजात ते जसेच्या तसे पोहोचतात, मागे एखाद्या इंजिनाचा हॉर्न आणि रनिंग रूमच्या आवारातल्या पाखरांचा कलकलाट घेऊन पोहोचतात. खोलीत बाकीचे झोपलेले असल्यामुळे ते बाहेर येऊन हळू आवाजात बोलतात, आणि त्या हळू आवाजाचीच निम्मी किंमत आहे. फोन कानाला लावला की आवाजी मेसेज मोठ्या स्पीकरऐवजी कानाजवळच्या छोट्या स्पीकरमधून वाजतो, ही बारीकशी सोय ज्याने केली त्याचे घर बहुधा आमच्या घरासारखेच गजबजलेले असावे. मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून ऐकते आणि मधूनमधून “हो मॅडम, उद्या करते” असे म्हणते. मुख्याध्यापिका मला इतके फोन करतात याबद्दल सासूबाईंना माझी कीव येते.

आवाजाबाबत दोन बारकावे लक्षात ठेवावेत. निळ्या टिका बंद केल्या तरी आवाजी मेसेज ऐकला गेल्याची खूण पाठवणाऱ्याला दिसतेच, त्यामुळे ऐकून न ऐकल्यासारखे करता येत नाही. आणि डिसेंबर २०२३ पासून आवाजी मेसेजही एकदाच ऐकता येईल असा पाठवता येतो. ती सोय आम्ही दोनदा वापरली आणि सोडून दिली, कारण एकदा ऐकून समाधान होत नाही आणि पुन्हा म्हणून दाखवायला यजमान तयार होत नाहीत.

आपोआप नाहीसे होणारे मेसेज हा या सेवेचा सर्वांत गाजलेला भाग आहे आणि माझ्या मते सर्वांत कमी समजून घेतलेला. नोव्हेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा सात दिवसांची एकच मुदत होती. पुढच्या वर्षी चोवीस तास आणि नव्वद दिवस या दोन मुदती जोडल्या गेल्या. आम्ही मोठ्या उत्साहाने चोवीस तासांची मुदत लावली आणि पस्तावलो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मुदत मेसेज पाठवल्या क्षणापासून मोजली जाते, समोरच्याने तो वाचला की नाही याच्याशी तिचा संबंध नसतो. दिवसा ड्यूटी, मग झोप, मग पुन्हा गाडी अशा फेऱ्यात अडकलेल्या माणसाने चॅट उघडेपर्यंत मी मनापासून लिहिलेली दोन वाक्ये न वाचताच विरून गेली. याबाबतीत सिग्नल हे दुसरे अ‍ॅप अधिक समंजस आहे. तिथे वाचणाऱ्याच्या फोनवरचे घड्याळ त्याने मेसेज पाहिल्यावर सुरू होते, आणि मुदत काही सेकंदांपासून चार आठवड्यांपर्यंत हवी तशी ठेवता येते. शिवाय कीबोर्डने आपले शब्द शिकू नयेत अशी विनंती करणारी सोयही सिग्नलमध्ये आहे, जिची गरज मला तेव्हा पटली जेव्हा सासूबाईंनी माझ्या फोनवरून नणंदेला ‘ये’ एवढेच लिहिले आणि कीबोर्डने त्यांना पुढचा शब्द ‘राजा’ सुचवला. ही चहाडी कोणतेही चॅट लॉक थांबवत नाही.

मग आम्ही सिग्नलवर का गेलो नाही? महिनाभर गेलो होतो. पण यजमानांच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर लॉबीचे, म्हणजे चालकांच्या ड्यूटी लागणाऱ्या कचेरीचे, ग्रुप आहेत, माझ्या फोनमध्ये शाळेचे आहेत, आणि वेगळ्या अ‍ॅपचे निळे चिन्ह पाहून मुलाने पहिल्याच दिवशी विचारले, “आई, हे कशाला?” लपवण्यासाठी गर्दी बरी असते. व्हॉट्सअ‍ॅप सर्वांच्या फोनमध्ये असते म्हणूनच त्यातल्या आतल्या कप्प्याची कोणाला शंका येत नाही. तांत्रिकदृष्ट्या दोन्हीकडचा मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय मधल्या कोणाला वाचता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये सर्वांसाठी पूर्ण केली आणि त्यासाठी सिग्नलचीच पद्धत घेतली. बॅकअप मात्र यात आपोआप येत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून बॅकअपलाही वेगळा पासवर्ड लावता येतो, पण तो आपण स्वतः लावावा लागतो, आणि मी विचारलेल्या एकाही मैत्रिणीने तो लावलेला नव्हता.

खास जोडप्यांसाठी असलेले एक अ‍ॅपही आम्ही वापरून पाहिले. त्यात रोज सकाळी बदाम उडत येतात आणि ‘आज जोडीदाराची स्तुती केली का’ असे विचारले जाते. हजेरीपटासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी काढून टाकले.

फोटोंविषयी मी अधिक गंभीरपणे लिहिते. एकदाच पाहता येणारा फोटो पाठवण्याची सोय ऑगस्ट २०२१ मध्ये आली, आणि पुढच्या वर्षी अशा फोटोचा स्क्रीनशॉट घेता येऊ नये अशी तजवीज झाली. चौदा दिवसांत उघडला नाही तर तो फोटो आपोआप रद्द होतो. तरीही दुसऱ्या फोनने समोरच्या पडद्याचा फोटो काढला तर जगातले कोणतेही अ‍ॅप तो अडवू शकत नाही, आणि म्हणून ही सोय विश्वासाच्या जागी ठेवता येत नाही, विश्वासाच्या सोबत ठेवता येते. आमच्यात एक नियम आहे की फोटो मागायचा तर एकदाच मागायचा, आणि उत्तर आले नाही तर तेच उत्तर समजायचे. एकोणीस वर्षांच्या लग्नातही हा नियम लागतो. बायको आहे म्हणून विचारायचे कशाला, असे यजमानांनी कधी मानले नाही, आणि कदाचित म्हणूनच मला चंद्रकोरीचा फोटो आपणहून पाठवावासा वाटतो.

ज्यांच्या वाट्याला असा माणूस आला नाही त्यांच्यासाठी कायदा काय म्हणतो तेही इथे नोंदवते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार संमतीशिवाय एखाद्याच्या खासगी अवयवांचे चित्र काढणे, पाठवणे किंवा प्रसिद्ध करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ त्याहून नेमके आहे : स्त्रीने फोटो काढू दिला, पण तो इतरांना दाखवायला संमती दिली नाही, तर दाखवणारा गुन्हेगार ठरतो. पहिली संमती दुसऱ्या कामाला चालत नाही, हे आपल्याकडच्या कित्येक सुशिक्षित पुरुषांनाही नव्याने सांगावे लागते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, आणि फोटोच्या नावाखाली कोणी पैसे उकळत असेल तर १९३० या क्रमांकावर फोन करण्यात एक तासही घालवू नये.

पैशाच्या दृष्टीने सेवा फुकट आहे. स्टिकरांबाबत निराशा झाली. तयार मिळणाऱ्या मराठी स्टिकरांत एकतर सुप्रभात असते किंवा कोणाला तरी दिलेला दम असतो, आणि मध्ये जे काही असते त्यासाठी मराठी माणसाने अजून चित्र काढलेले दिसत नाही.

आता आम्ही सात दिवसांच्या मुदतीवर स्थिरावलो आहोत. या मुदतीतही एखादा मेसेज ‘चॅटमध्ये ठेवा’ म्हणून राखता येतो, परंतु आपण राखल्याची सूचना पाठवणाऱ्याला जाते, आणि त्याने नको म्हटले तर त्याचा शब्द शेवटचा असतो. मेसेज मुदतीवर जातोच. एप्रिल २०२३ मध्ये आलेली ही व्यवस्था मला कागदावर फार न्याय्य वाटली होती. मागच्या पावसाळ्यात तापीला पूर असताना यजमानांनी भुसावळच्या पुलावरून गाडी नेली आणि खंडव्याला पोहोचल्यावर मला चार ओळी लिहिल्या, ज्यांत पाणी होते, मी होते आणि आणखी काही होते. मी त्या राखल्या. त्यांनी नको म्हटले. विचारले तर म्हणाले, “गाडीच्या धुंदीत लिहिलं, परत वाचवत नाही.” त्यांचा हक्क होता, म्हणून मी काही बोलले नाही. सहाव्या दिवशी रात्री किराणा हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, तूरडाळ अडीच किलोच्या खाली, त्या चारही ओळी पेन्सिलीने उतरवून घेतल्या.